योहानाच्या रात्रीचे पाणी

इ. स. १३३३ च्या जून महिन्यातील गोष्ट आहे. इटलीचा विख्यात कवी पेत्रार्क त्या वेळी २८ वर्षांचा होता. उत्तर युरोपचा प्रवास करीत करीत तो ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या कलोन या नगरात येऊन पोचला. सूर्य मावळतीकडे झुकला होता. अंगावरची प्रवासाची धूळ झटकण्यापूर्वीच मित्रमंडळींनी त्याला नदीकाठी नेले. कारण, ते म्हणाले, आजच्या संध्याकाळचा देखावा वर्षातून एकदाच पाहायला मिळतो. काठावर पोचताच त्याला दिसले, की सारा तीर स्त्रियांनी फुलून गेला आहे. कित्येकींनी सुवासिक वनस्पतींच्या वेली कमरेभोवती गुंडाळल्या होत्या, बाह्या कोपराच्या वर सारल्या होत्या, आणि आपापसांत हळू आवाजात काही पुटपुटत त्या वाहत्या पाण्यात हात आणि दंड धूत होत्या.

त्यांची भाषा पेत्रार्कला येत नव्हती. त्याने सोबत्याला याचा अर्थ विचारला. सोबत्याने सांगितले, की ही या लोकांची फार जुनी रीत आहे आणि स्त्रियांची तर तिच्यावर विशेष श्रद्धा आहे. आजच्या दिवशी नदीत स्नान केले म्हणजे येत्या वर्षभराची सारी अरिष्टे पाण्याबरोबर वाहून जातात आणि पुढचे दिवस सुखाचे येतात, असा त्यांचा समज आहे. हे ऐकून पेत्रार्क हसला. आपला आश्रयदाता कार्डिनल जोव्हान्नी कोलोन्ना याला लिहिलेल्या पत्रात त्याने हा प्रसंग वर्णिला आहे. ऱ्हाईनकाठचे लोक भाग्यवान खरे, त्यांची दुःखे नदी वाहून नेते. आमची दुःखे वाहून नेणे पो नदीलाही साधले नाही आणि टायबरलाही नाही, अशा आशयाचा त्याचा शेरा आहे. त्यात थट्टा आहे, पण खोल कुठेतरी हेवाही आहे.

ती संध्याकाळ २३ जूनची, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्मोत्सवाच्या आदल्या दिवसाची होती. पोर्तुगालपासून रशियापर्यंत आणि सिसिलीपासून फिनलंडपर्यंत ही रात्र आजही निरनिराळ्या नावांनी जागवली जाते. टेकड्यांवर होळ्या पेटतात, मुली फुलांचे मुकुट घालतात, आणि बहुतेक सर्व ठिकाणी पाणी आणि वनस्पती यांचा संयोग घडवून आणलेला असतो. कोठे नदीत स्नान, कोठे दवात तोंड धुणे, कोठे फुले भिजवलेल्या पाण्याचे घंगाळ, तर कोठे भूर्जाच्या डहाळ्यांनी अंग झोडपून घेण्याचे बाष्पस्नान. नाव ख्रिस्ती संताचे असले, तरी या स्नानाचे मूळ त्या संतापेक्षा पुष्कळ जुने आहे.

ते मूळ आकाशात आहे. सुमारे २१ जूनला सूर्य उत्तरेच्या टोकाशी पोचतो आणि तेथून मागे वळतो. तो वर्षातील सर्वांत मोठा दिवस. महाराष्ट्रात मोठ्या दिवसाचे एवढे अप्रूप नाही; आपल्याकडे उन्हाळी व हिवाळी दिवसांत दोनअडीच तासांचा फरक पडतो, आणि जूनमध्ये डोळे लागलेले असतात ते पावसाकडे. परंतु उत्तर युरोपात हिवाळ्यात दुपारीच अंधारून येते आणि जूनमध्ये मध्यरात्रीही आभाळाच्या कडेला उजेड रेंगाळत असतो. तेथील शेतकऱ्याला हा दिवस आनंदाचा तसाच धाकधुकीचाही वाटे. पीक उभे असते, पण हाती आलेले नसते. आणि सूर्य तर उद्यापासून उतरणीला लागणार असतो. सणाच्या मुळाशी ही धाकधूक आहे.

ज्युलियस सीझरने रोमची कालगणना सुधारली, तेव्हा हा सूर्याचा पालट २४ जूनला मानला गेला. रोमन लोक तारखा मोजीत त्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मागे. २५ डिसेंबर हा जानेवारीच्या आधीचा आठवा दिवस, तसा २४ जून हा जुलैच्या आधीचा आठवा दिवस. डिसेंबरचे दिवस ३१ आणि जूनचे ३०, म्हणून एका तारखेचा फरक दिसतो, एवढेच. याच २४ जूनला रोममध्ये फोर्स फोर्तुना या दैवदेवतेचा उत्सव असे, आणि सामान्य लोक फुलांनी सजवलेल्या नावांतून टायबर नदीवर विहार करीत. पुढे ख्रिस्ती धर्म पसरला. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. तेव्हा येशूचा जन्मदिवस २५ डिसेंबर ठरल्यावर योहानाचा २४ जून हा ओघानेच ठरला. येशूचा महिमा वाढावा आणि आपला ओसरावा, असे योहान म्हणाल्याचे शुभवर्तमानात आहे. त्याच्या जन्मदिवसानंतर दिवस लहान होत जातात आणि येशूच्या जन्मदिवसानंतर मोठे, हा मेळ धर्मोपदेशकांना फार अर्थपूर्ण वाटला. पुन्हा योहान हा तर यार्देन नदीच्या पाण्यात लोकांना स्नान घालून शुद्ध करणारा. पाण्याच्या सणाला याहून योग्य संत मिळणे कठीण होते.

तथापि धर्मसंस्थेने हे स्नान सुखासुखी स्वीकारले असे मात्र नाही. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने योहानाच्या जन्मदिवशी समुद्रावर जाऊन स्नान करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना प्रवचनात खडसावले आहे. ही चाल परधर्मीयांची आहे, असे त्याने बजावले. फ्रान्समधील आर्लचा बिशप सीझेरियस (मृत्यू ५४२) यानेही योहानाच्या सणाला रात्री किंवा पहाटे झऱ्यांत, तळ्यांत आणि नद्यांत स्नान करण्याची मनाई केली. मनाई पुन्हा पुन्हा करावी लागते, ती लोक ऐकत नाहीत म्हणूनच. सीझेरियसनंतर जवळजवळ हजार वर्षांनी, १५०५ साली, रशियातील प्स्कोव नगराजवळच्या एका मठाचा महंत पाम्फिल हाच गाऱ्हाण्याचा सूर लावतो: या रात्री सारे नगर ढोल आणि नाचगाण्यांनी दुमदुमते, आणि स्त्रीपुरुष रानावनांतून, ओढ्याकाठांवरून औषधी वनस्पती शोधीत हिंडतात.

धर्मसंस्थेचा दुसरा एक मार्ग होता, आणि शेवटी तोच चालला. ६०१ साली पोप पहिला ग्रेगरी याने इंग्लंडला निघालेल्या धर्मप्रसारकांना लिहिले होते, की जुनी देवळे पाडू नयेत. मूर्ती काढून ती शुद्ध करून घ्यावीत, आणि लोकांच्या उत्सवांना ख्रिस्ती निमित्त द्यावे. योहानाच्या रात्रीचे नेमके हेच झाले. होळी योहानाची झाली, दव योहानाचे झाले, वनस्पतीही योहानाच्या झाल्या. येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. आज दिसणारी प्रत्येक रीत जशीच्या तशी प्राचीन काळापासून चालत आली आहे असे म्हणता येणार नाही. कित्येक चाली मध्ययुगात, कित्येक त्याहूनही पुढे जोडल्या गेल्या. परंतु या दिवसाच्या स्नानाची साक्ष खुद्द ऑगस्टीनच्या रागावण्यात सापडते, एवढे निश्चित.

आता या सुगंधी पाण्याची कृती पाहू. इटलीच्या अनेक भागांत त्याला ‘संत जोव्हान्नीचे पाणी’ म्हणतात. २३ जूनच्या संध्याकाळी घरातील स्त्रिया आणि मुले शेताच्या बांधांवरून फुले व पाने गोळा करतात. काय घ्यावयाचे याची ठराविक यादी नाही. गावागणिक ती बदलते. तरी पिवळ्या फुलांची योहानवनस्पती, लव्हेंडर, रोझमेरी, सेज, पुदिना, रानबडीशेप, गुलाबाच्या पाकळ्या, अक्रोडाची पाने ही बहुधा असतातच. हे सारे पाणी भरलेल्या मोठ्या पसरट भांड्यात घालून भांडे रात्रभर उघड्यावर ठेवतात. त्या रात्रीचे दव त्यात पडले पाहिजे, हा मुख्य दंडक. पहाटे त्या पाण्याने घरातील सर्वजण हातपाय आणि तोंड धुतात. पाण्याने कांती उजळते, दृष्ट लागत नाही आणि रोगराई दूर राहते, ही त्यामागील समजूत. स्पेनच्या वायव्येकडील गॅलिसियातही हीच रीत आहे. तेथे काही ठिकाणी सात झऱ्यांचे पाणी आणून त्यात बडीशेपेचे रोप, नेचा, एल्डरची फुले, रोझमेरी इत्यादी भिजत घालतात.

यांतील कित्येक वनस्पती मराठी माणसाला परक्या वाटतील, पण त्यांची भावंडे त्याच्या अंगणातच आहेत. या सणात मान असलेल्या ‘मगवर्ट’ नावाच्या वनस्पतीचे कूळ आणि आपल्या दवण्याचे कूळ एकच. चैत्रात जोतिबाला भक्तिभावाने वाहिला जातो तो दवणा याच जातीचा आहे. सताप तर इकडची आणि तिकडची एकच. युरोपात ती दृष्ट आणि भूतबाधा टाळणारी मानली गेली, आणि आपल्या आजीबाईंच्या बटव्यातही तिला जागा होती. पोर्तुगालमध्ये या दिवसांत बारीक पानांच्या सब्ज्याच्या कुंड्या एकमेकांना भेट देतात. त्याला नाक लावून वास घ्यावयाचा नाही, पानांवरून तळहात फिरवून तो हात हुंगावयाचा, असा तेथील शिष्टाचार. आणि सब्जा म्हणजे तुळशीचा सख्खा चुलतभाऊ!

सणाची खरी मानकरी मात्र योहानवनस्पती. तिला शास्त्रात हायपेरिकम परफोरॅटम असे नाव आहे. आपल्या हिमालयाच्या पश्चिम उतारांवरही ती आढळते. तिचे पान उजेडासमोर धरले, तर असंख्य टाचण्यांनी भोके पाडल्यासारखे दिसते. ती भोके नसून तेलाच्या पारदर्शक ग्रंथी असतात. तिची कळी बोटांत चुरडली, की फूल पिवळेधमक असूनही बोटांना लाल डाग पडतो. भाविकांनी यात शिरच्छेद झालेल्या योहानाचे रक्त पाहिले. रसायनशास्त्र त्याला हायपेरिसिन हे रंगद्रव्य म्हणते. ही फुले ऑलिव्हच्या तेलात घालून बाटली उन्हात ठेवली, की तेल माणकासारखे लाल होते, आणि ते भाजण्यावर व जखमांवर लावण्याची चाल फार जुनी आहे. खिन्न मनावर उपाय म्हणूनही तिची ख्याती होती. तिच्या अर्काच्या २९ चाचण्यांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि नैराश्याच्या विकारात तो अर्क नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा गुणकारी ठरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. परंतु हीच वनस्पती पोटात घेतली असता रक्त पातळ करणाऱ्या, गर्भनिरोधक आणि इतर अनेक औषधांचा परिणाम कमी करते. म्हणून वैद्याला न विचारता ती घेणे धोक्याचे आहे.

मग या पाण्यात औषध ते कितीसे? खरे सांगावयाचे तर थोडे. थंड पाण्यात रात्रभर पाने ठेवल्याने त्यांतील सुगंधी तेलाचा अल्प अंश तेवढा उतरतो. मन प्रसन्न करण्यास तो पुरेसा, रोग हटवण्यास अपुरा. दवातही वेगळी शक्ती नसते. निरभ्र रात्री जमीन आणि पाने थंड होतात, हवेतील बाष्प त्यांवर थेंबरूपाने जमते, एवढेच. उलट सतापीचा ताजा रस अंगाला लागून वर ऊन पडले, तर कातडीवर फोड उठतात. मात्र एका बाबतीत लोकांचे निरीक्षण अचूक होते. उत्तरायणाच्या या अखेरच्या दिवसांत बहुतेक सुगंधी वनस्पती फुलोऱ्यावर असतात, आणि कित्येकींमधील तेलाचे प्रमाण याच सुमारास सर्वाधिक असते. वर्षभराची औषधे गोळा करावयाची तर हाच हंगाम. ‘या रात्री तोडलेली पालवीच गुणकारी’ या श्रद्धेने एक व्यावहारिक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्या स्त्रियांच्या वनस्पतिशास्त्राचे पंचांगच ते.

उत्तरेकडे गेल्यास हे स्नान थंड पाण्यातून वाफेत शिरते. फिनलंड आणि एस्टोनिया या देशांत योहानाच्या सणाची संध्याकाळ सॉनाशिवाय पुरी होत नाही. सॉना म्हणजे लाकडी ओंडक्यांची खोली. तीत दगडांनी झाकलेली भट्टी आणि बसण्यासाठी उंच फळ्या. जुन्या पद्धतीच्या सॉनाला धुराडे नसते. कित्येक तास लाकडे जाळून दगड तापवतात, धूर खोलीतच कोंडतो, आणि विस्तव विझल्यावर तो बाहेर जाऊ देऊन मगच माणसे आत शिरतात. तापल्या दगडांवर पाण्याचा हबका मारला, की वाफेची लाट अंगावर येते. घाम सुटला म्हणजे भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी पाण्यात भिजवून तिने स्वतःच्या आणि एकमेकांच्या अंगावर झोडपतात. त्याने मळ निघतो, रक्त खेळू लागते, आणि उष्ण वाफेत पानांचा ताजा गंध भरून राहतो. नंतर थेट तळ्यात उडी.

या जुड्या बांधण्याचा मुहूर्तही योहानाच्या सणाच्या आसपासचाच. त्यापूर्वी पाने फार कोवळी आणि चिकट असतात, फार उशीर झाला तर ती देठातून गळू लागतात. म्हणून याच सुमारास जुड्या बांधून, माळ्यावर वाळवून हिवाळ्यासाठी ठेवतात. आपण ज्याला भूर्ज म्हणतो, ज्याच्या सालीवर काश्मीरच्या पंडितांनी ग्रंथ लिहिले, त्याच जातीचे हे झाड. आणि इंग्रजीतील ‘बर्च’ व संस्कृतातील ‘भूर्ज’ हे शब्दही एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. सॉना ही केवळ न्हाणीघराची जागा नव्हती. पूर्वी तेथे बाळंतपणे होत आणि मृतांना अखेरचे स्नानही तेथेच घालीत. एस्टोनियाच्या व्होरोमा प्रदेशातील धुराच्या सॉनाला २०१४ साली आणि फिनलंडच्या सॉना संस्कृतीला २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले.

पूर्वेकडील स्लाव्ह लोक या सणाला ‘इव्हान कुपाला’ म्हणतात. इव्हान म्हणजे योहान, आणि कुपाला हा शब्द स्नानवाचक धातूशी जोडला जातो. जणू ‘न्हाणारा योहान’. मुली फुलांचे मुकुट नदीत सोडतात आणि ते कोणत्या दिशेने तरंगत जातात यावरून सासर कोणत्या दिशेचे हे ओळखतात. याच रात्री नेच्याला क्षणभर फूल येते आणि ते ज्याला सापडेल त्याला गुप्तधन दिसते, अशी आख्यायिका आहे. वास्तविक नेच्याला फूल कधीच येत नाही. लिथुएनियात या सणाचे जुने नाव ‘रासोस’, म्हणजे दव. आणि तेथील ‘रासा’ हा शब्द आपल्या ‘रस’ शब्दाचा भाऊबंद आहे. त्या पहाटे मुली गवतावरील दवाने तोंड धूत. सोव्हिएत अमलात धार्मिक आणि राष्ट्रीय सणांकडे संशयाने पाहिले जाई. तशा काळात, १९६७ साली, तरुणांच्या एका गटाने केर्नावे या प्राचीन टेकड्यांच्या गावी हा सण पुन्हा उघडपणे साजरा केला. दवाने तोंड धुणे ही त्या वेळी नुसती सौंदर्यसाधना राहिली नव्हती. आपली भाषा आणि आपली माती विसरणार नाही, असे सांगण्याचा तो एक मूक मार्ग होता.

ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्तपूर्व निसर्गधर्म नव्याने आचरू पाहणारे पंथ निघाले. त्यांनी या सणाला ‘लिथा’ हे नाव दिले. आठव्या शतकातील इंग्रज साधू बीड याने जुन्या अँग्लो-सॅक्सन महिन्यांची नावे नोंदवताना जून आणि जुलै यांना हा शब्द वापरला होता. तो १९७० नंतरच्या दशकात सणाचे नाव म्हणून रूढ झाला. शहरातील सदनिकेत नदी नाही, दवही नाही. तेव्हा ही मंडळी मलमलीच्या पुरचुंडीत लव्हेंडर, कॅमोमाइल, रोझमेरी बांधून ती स्नानाच्या टबात सोडतात, आणि जे मागे टाकावयाचे आहे त्याचे स्मरण करून अंग बुडवतात. ही पद्धत नवी आहे. पण टबातल्या माणसाची इच्छा कलोनच्या स्त्रियांच्या इच्छेहून वेगळी नाही.

हा सण पोर्तुगिजांबरोबर समुद्र ओलांडून गोव्यात आला आणि ‘सांजांव’ झाला. येथे मात्र त्याला निराळेच रूप आले. युरोपात जून हा लख्ख उन्हाचा. गोव्यात तो मृगाच्या आणि आर्द्रेच्या धारांचा. विहिरी भरू लागलेल्या असतात. डोक्यावर रानफुलांचे आणि पानांचे ‘कोपेल’ घालून तरुण मंडळी गात वाजवीत घरोघर जातात आणि विहिरींत, तळ्यांत उड्या घेतात. मरिया भेटीस आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळ योहानाने आनंदाने उडी घेतली, त्या उडीची ही आठवण, असे भाविक सांगतात. नव्या जावयाला या दिवशी सासुरवाडीचे आमंत्रण असते. मराठी घरातील दिवाळसणाची आठवण व्हावी, असाच तो थाट. शिवोलीला सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. रोममध्ये टायबरवर फुलांच्या नावा निघत, त्याची आठवण इतिहासाच्या अभ्यासकाला येथे झाल्याखेरीज राहात नाही, जरी या दोहोंना सांधणारा सरळ धागा दाखवता येत नसला तरी. सूर्याच्या वळणाचा सण गोव्याच्या मातीत रुजताच पावसाच्या स्वागताचा सण झाला, हे त्याच्या जिवंतपणाचेच लक्षण म्हटले पाहिजे.

मराठी श्रोत्यांना या साऱ्या वर्णनात आणखी एक ओळखीची खूण पटली असेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंधार असतानाच, तेल आणि उटणे लावून अभ्यंगस्नान करावयाचे. उटण्यात चंदन, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी. स्नानाच्या मध्येच आघाड्याची डहाळी अंगावरून फिरवून टाकावयाची. आणि मग पायाच्या अंगठ्याने कारीट फोडावयाचे. ऋतू वेगळा, कथा वेगळी, दैवत वेगळे. या दोन चालींपैकी एकीने दुसरीपासून उसने घेतले आहे, असे मानण्याचे कारण नाही. परंतु वेळ सरत्या रात्रीची, साधन सुवासिक वनस्पतींचे आणि हेतू संकट अंगावरून उतरवून टाकण्याचा, एवढे साम्य दोन्हीकडे आहे. वर्षाच्या सांध्यावर उभा राहिलेला माणूस मागचे धुऊन टाकूनच पुढे पाऊल घालू इच्छितो. पाण्याइतके सुलभ आणि वनस्पतींइतके मायाळू साधन त्याला दुसरे मिळाले नाही.

पेत्रार्क कलोनच्या स्त्रियांना हसला, त्या गोष्टीचा शेवट मात्र हसण्यासारखा नाही. १३४८ साली युरोपात काळ्या प्लेगची साथ पसरली. पेत्रार्कने जिच्यावर आयुष्यभर कविता लिहिल्या ती लॉरा त्या वर्षीच्या ६ एप्रिलला वारली. ज्याला ते थट्टेचे पत्र लिहिले होते, तो कार्डिनल कोलोन्नाही त्याच वर्षी गेला. ही साथ उत्तरेकडे सरकू लागली, तेव्हा ऱ्हाईनकाठच्या नगरांतून एक अफवा फिरली, की ज्यू लोकांनी विहिरींत विष कालवले आहे. ऑगस्ट १३४९ मध्ये खुद्द कलोनमध्ये ज्यूंच्या वस्तीवर हल्ला झाला आणि तेथील लोकांची कत्तल करण्यात आली. ज्या नगराच्या स्त्रिया आपली अरिष्टे नदीच्या स्वाधीन करीत होत्या, त्याच नगराने या वेळी ती शेजाऱ्याच्या माथी मारली.

नदीने प्लेग वाहून नेला नसता, हे आज सर्वांना ठाऊक आहे. जंतू, पिसवा आणि उंदीर यांचे नाते त्या काळी कोणालाच माहीत नव्हते. त्या अज्ञानात नदीकाठच्या बायकाही होत्या आणि कवीही होता. पण अज्ञानातही माणसापुढे दोन वाटा असतात. आलेल्या भयाचे कोणाला तरी गुन्हेगार ठरवून त्याच्यावर तुटून पडावे, ही एक. आणि बाह्या सारून, सुवासिक पाने कमरेला बांधून, शेजारणीबरोबर नदीवर जावे, हात धुवावेत आणि पुढच्या वर्षाला तोंड द्यावयास घरी परतावे, ही दुसरी. दुसऱ्या वाटेने रोग जात नसेल. पण त्या वाटेने जाणाऱ्यांच्या हातून कोणाचा घात होत नाही, आणि मनाला धीर येतो. योहानाच्या रात्रीच्या त्या पाण्याचा खरा गुण बहुधा हाच असावा. शतकानुशतकांच्या मनाया पचवून ते आजही कोठे घंगाळात, कोठे विहिरीत, तर कोठे वाफेच्या खोलीत टिकून राहिले आहे, त्याचे कारणही हेच.